पावसात भिजलेलं गवताचं मशीन आणि उद्यमबागेतलं गॅरेज

चार स्टार देतोय. एक कापलाय तो फोन न उचलण्याबद्दल, त्याचं शेवटी सांगतो.

आमचं टिळकवाडीत घराच्या मागं थोडं अंगण आहे, त्याच्यासाठी ढकलायचं पेट्रोलचं लॉन मोअर घेतलंय, फोर स्ट्रोक. जुलैत पोरानं वापरून पेरूखाली ठेवलं, वर ताडपत्री टाकली म्हणे पण चार विटा ठेवायचं सुचलं नाही, आणि बेळगावचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको, ताडपत्री शेजाऱ्यांच्या कंपाउंडात आणि मशीन तीन दिवस पावसात.

पुसून वाळवून दोरी ओढली तर चालू झालं की! पण दोन मिनिटं. मग गचके खाऊन बंद. चोक दिला की परत थोडं चालायचं, चोक काढला की मेलं. ओढून ओढून खांदा गेला माझा. एका दुकानात नेलं, त्यानं एक नट न सोडवता कार्बोरेटर गेलाय म्हणून अडीच हजार सांगितले. शेवटी भाचा तिकडं फौंड्रीत आहे त्यानं उद्यमबागेतलं हे गॅरेज दाखवलं. बोर्ड नाही, दारात फवारणीचे पंप आणि ब्रश कटर पडलेले असतात तेच ओळखायचं.

मेस्त्री पोरगाच आहे, तिशीतला. म्हणाला, "काका, कार्बोरेटर कशाला बदलूलालाय, आधी बघू की काय झालंय." पहिल्यांदा टाकीचं झाकण ढिलं करून चालवून बघितलं, कारण झाकणाला हवेचं बारीक भोक असतंय, ते चिखलानं बुजलं तर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तरी बंद पडलं. म्हणजे ते नव्हे. मग कार्बोरेटरच्या खालच्या बाऊलचा बोल्ट काढून सगळं एका काचेच्या बाटलीत उतरवलं आणि पाच मिनिटं गप बसवलं मला. बाटली उजेडात धरली तर वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर वेगळाच थर, मधे स्पष्ट रेघ. पाणी जड, तळाला बसतंय, आणि जेट, म्हणजे पेट्रोल ओढायची बारीक भोकाची नळी, तळातनंच ओढतंय, मग चालणार कसं? आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, ते इथेनॉल पाणी धरतंय आणि जास्त झालं की पाण्याबरोबर खाली बसतंय, हे त्यानंच सांगितलं.

बाऊलमध्ये पांढरी पूड जमलेली. जेट काढून डोळ्यासमोर धरायला दिला, भोकातनं उजेडच येत नव्हता! क्लच वायरची एक तार सोडवून अगदी हलक्या हातानं मोकळं केलं, जोर लावला तर भोक मोठं होतंय म्हणे, मग हवा मारली. टाकी पूर्ण रिकामी केली, नाहीतर परत तेच पाणी खाली आलं असतं. फिल्टरचा स्पंज साबणानं धुवून वाळवला, ऑइलचा हात लावला, प्लग नवीन. सगळे मिळून साडेचारशे. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे बाऊलमध्ये काही राहत नाही, हेही सांगितलं.

आता तक्रार. दोन दिवसांचं काम सहा दिवसांवर गेलं, फोन एकदाही उचलला नाही, तीन हेलपाटे झाले, आणि प्रत्येक वेळी "उद्या या की ओ". बिल मागितलं तर हसला. हँडलला काळे हात तसेच. गणपतीच्या आधी गर्दी वाढते म्हणे, तेव्हा द्यायचं असेल तर आत्ताच नेऊन द्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

काल गुडघाभर गवतात घातलं, पाती वर ठेवून पहिला हात मारला. चाळीस मिनिटं सलग चाललं. मग पाऊस आला म्हणून मीच बंद केलं, आणि आधी शेडमध्ये नेलं.