पायांकडची भिंत आणि स्टेन्सिलचा संच

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांचा बहुतेक दिवस पलंगावरच जायला लागला. एका दुपारी त्यांच्या शेजारी जरा आडवी झाले, तेव्हा त्यांना दिवसभर काय दिसतं ते मला कळलं. पांढरी भिंत, एक खिळा आणि तिथून कधीतरी काढलेल्या चित्राचा मळकट चौकोन. बेडरूममध्ये एकच भिंत रंगवायची तर सगळे उशामागची रंगवतात. फोटोत तीच दिसते ना! पण पडून राहिलेल्या माणसाच्या वाट्याला येते ती पायांकडची भिंत. ती मी स्वतः रंगवायची ठरवली आणि हा संच मागवला.

खोक्यात पानांच्या नक्षीचं ४० सेंटिमीटर चौरस स्टेन्सिल (नक्षी कापलेला प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावरून रंग फिरवला की नक्षी भिंतीवर उमटते) आहे, फोमचा ४ इंची रोलर, बोथट गोल ब्रश, मास्किंग टेप आणि इमल्शनच्या, म्हणजे भिंतीला लावायच्या पाण्यावर आधारित रंगाच्या, १०० मिलीच्या चार डब्या : मोरपंखी, शेवाळी, पिवळी आणि विटकरी. नक्षीखाली अख्ख्या भिंतीला लागणारा रंग यात नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. खोक्यावरच्या चित्रावरून तसं वाटत नाही, म्हणून आधीच सांगते. माझी भिंत ३ मीटर रुंद, २.७ मीटर उंच, म्हणजे आठ चौरस मीटर. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतं. हात दोन द्यावेच लागतात, त्यामुळे एका लिटरमध्ये भागत नाही.

रंग बाबांनी निवडले. डबीत दिसतो तो रंग खरा नसतो. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं, वाळल्यावर गडद होतं. म्हणून मी जाड कागदांवर प्रत्येक रंगाचे दोन-दोन हात दिले आणि ते कागद समोरच्या भिंतीवर चिकटवले. दोन दिवस बाबा त्यांच्याकडे सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघत होते. शेवाळी दिवसा फार सुंदर, पण त्यांच्या उशाजवळच्या पिवळसर दिव्यात अगदी राखेसारखा दिसायला लागला. तो दिवा २७०० केल्विनचा आहे (केल्विन म्हणजे उजेडाची छटा सांगायचं माप). अशा उजेडात निळ्याचा अंश कमी असतो, म्हणून थंड रंग मंदावतात आणि उबदार रंग खुलतात. बाबा म्हणाले, "रात्री झोप नसते तेव्हा मी हेच बघणार. राखाडी नको गं." मग खाली फिकट अबोली आणि वर मोरपंखी पानं असं ठरलं. मोरपंखीही रात्री मंदावतो, पण अबोलीवर तो तरीही उठून दिसतो.

पॉलिश पेपरने भिंत घासली, खिळ्याचं भोक पुट्टीने बुजवलं, धूळ पुसली, चार तासांच्या अंतराने अबोलीचे दोन हात दिले. खिडक्या उघड्याच होत्या, तरी बाबांना दोन रात्री दुसऱ्या खोलीत झोपवलं. घरात आजारी माणूस असेल तर ही सोय आधी करा.

आता स्टेन्सिल. संचातली ही सगळ्यात चांगली वस्तू. प्लॅस्टिक जाड आहे, तरी भिंतीला लागून बसतं. कोपऱ्यांत जुळवणीच्या खुणा आहेत आणि त्या अचूक आहेत. वीस वेळा लावूनही नक्षी कुठे सरकलेली दिसत नाही. छताच्या कडेपासून सुरुवात करू नका, छत क्वचितच सरळ रेषेत असतं. मी दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडला, भिंतीच्या मधोमध पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि तिथून दोन्हीकडे गेले. पूर्ण भिंत भरलीच नाही. उशीवरून नजर जाते तेवढाच मधला भाग, आडवे पाच ठसे आणि उभे चार. बाजूला अबोली मोकळी राहिली, आणि कोपऱ्यात स्टेन्सिल वाकवायची वेळच आली नाही.

माहितीपत्रकात मात्र एक मोठी चूक आहे. चित्रातला रोलर रंगाने थबथबलेला दाखवलाय. मी तसंच केलं आणि पहिल्या दोन पानांच्या कडेखालून रंग पाझरून ओघळ आले. ओल्या फडक्याने लगेच पुसले म्हणून निभावलं. रोलरला अगदी थोडा रंग घ्यायचा, मग जुन्या वर्तमानपत्रावर तो इतका फिरवायचा की चिकचिक असा आवाज येणं थांबतं आणि कागदावर ठिपकेदार, जवळजवळ कोरडा ठसा उमटतो. तेव्हाच भिंतीला लावायचा, आणि हलक्या हाताने. दाब दिला की रंग कडेखाली शिरलाच म्हणून समजा. पहिला ठसा फिका वाटतो. दोन मिनिटं थांबून त्यावरूनच परत फिरवायचा. अशी पानाची कड सुरीने कापल्यासारखी येते. चार-पाच ठशांनंतर स्टेन्सिलची मागची बाजू पुसायची, नाहीतर तिथला रंग पुढच्या ठशाला लागतो. हे चार शब्द कंपनीने छापायला हवे होते. नव्या माणसाचा धीर पहिल्या दोन पानांतच खचतो.

टेप वाईट आहे, सरळच सांगते. अबोलीचा दुसरा हात देऊन पूर्ण दिवस उलटला होता, तरी टेप काढताना दोन ठिकाणी रंगाचा पापुद्रा निघाला. कमी चिकटणारी दुसरी टेप आणल्यावर तसं एकदाही झालं नाही. टेप भिंतीपासून सरळ बाहेर ओढण्याऐवजी तिच्याच अंगावर मागे दुमडत सावकाश काढायची.

मोरपंखीची डबी जवळजवळ संपली. अधूनमधून एखादं पान पिवळं केलं, त्या डबीत अर्ध्याहून जास्त रंग उरला. तो मी पलंगाशेजारच्या ड्रॉवरला लावला. ड्रॉवरवर लॅमिनेट आहे. संचावर 'फर्निचरलाही चालेल' असं लिहिलंय, पण दुसऱ्या दिवशी नख लागलं तिथे रंग सालीसारखा सुटून आला. सगळा काढला, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवली, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावला आणि मग रंग दिला. आता पक्का बसलाय. चकचकीत वस्तूवर नुसतं इमल्शन टिकत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

वीस ठशांना साडेतीन तास लागले. बाबा शेवटच्या तासाला खुर्चीत बसून बघत होते आणि पुढचं पिवळं पान कुठे ते सांगत होते. आता सकाळी ऊन आत आलं की अबोलीचा रंग पांघरुणावर पडल्यासारखा दिसतो, हे त्यांनीच मला दाखवलं. व्यायामाच्या वेळी पाय उचलून धरायचा असतो, तेव्हा ते आकडे मोजत नाहीत, एका ओळीतली पानं मोजतात.

स्टेन्सिल आणि रोलर यांसाठी हा संच मी पुन्हा घेईन. ब्रश ठीक, टेप बाजूला ठेवा, माहितीपत्रकावर विसंबू नका. पाचातले चार तारे. भिंत महिनाभर तरी ओल्या फडक्याने पुसणार नाहीये, रंग पूर्ण मुरायला तेवढा वेळ लागतो. स्टेन्सिल कोमट पाण्यात धुऊन गादीखाली सपाट ठेवलंय. गुंडाळून ठेवलं तर कडा वळतात आणि मग ते भिंतीला नीट बसत नाही.