मे महिन्यातलं रान: छागल न्यायची की थर्मास?

जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाच्या बाजूने सातपुड्यात शिरा, यावल अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसा, नाहीतर तोरणमाळच्या उतारांवर पाखरं बघत हिंडा. उन्हाळ्यात बाकी सगळं सामान एकीकडे आणि पाणी एकीकडे. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, पण शिकाऱ्यांच्या जीपला पुढे लटकायची ती छागल, म्हणजे पाणी भरायची जाड किंतानाची पिशवी, आजही तितकीच कामाची आहे. आता मात्र दुकानात तिच्या शेजारी स्टीलचा थर्मास असतो, आणि दोन्हींतलं काय घ्यावं हा प्रश्न पडतो.

साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा विचार इथे करत नाही. अकराच्या पुढे तिच्यातलं पाणी तहान भागवत नाही. तीच न्यायची असेल तर जुना सुती पायमोजा चढवून तो ओला ठेवा, तेवढाच आधार.

थर्मासच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. घरून बर्फ टाकून भरला तर संध्याकाळपर्यंत पाणी थंडगार. थेंबभर गळत नाही, बॅगेत आडवा टाकता येतो, पावसाळ्यातही चालतो. मचाणावर पहाटे तीनला गरम चहा मिळतो तो त्याच्याच कृपेने. तोटे दोन. वजनाच्या मानाने पाणी कमी मावतं. मेच्या उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला पाच-सहा लिटर सहज लागतं, म्हणजे लिटरभराचा थर्मास सकाळीच संपतो. दुसरा तोटा आवाजाचा. पाणवठ्यावर सगळं चिडीचूप असताना स्टील दगडाला लागून ठण्ण वाजलं, की पाण्याकडे निघालेलं चितळ तिथूनच माघारी फिरतं. थर्मासला जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, निम्मा त्रास जातो.

पण माझ्यापुरता निकाल लागला तो दुपारी पाणी भरताना. रानात वाटेवर पाणी मिळतं ते बहुतेक वेळा चौकीच्या किंवा आश्रमशाळेच्या छतावरच्या काळ्या टाकीतलं. दुपारी एकला त्या नळाखाली हात धरवत नाही. ते पाणी थर्मासमध्ये भरलं की थर्मास आपलं काम चोख करतो: गरम पाणी संध्याकाळपर्यंत गरमच ठेवतो. झाकण उघडून ठेवा, सावलीत ठेवा, फारसा फरक पडत नाही. हेच पाणी छागलीत भरून वाऱ्याच्या फांदीला टांगलं, तर दीड-दोन तासांत हातपंपाच्या ताज्या पाण्याइतकं होतं. थर्मास आहे ते राखतो; छागल मुळात पाणी गार करते.

कारण साधं आहे. कापडातून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. लिटरातलं 10 मिली उडालं तर उरलेलं, हिशेबाने, साडेपाच अंशांच्या आसपास उतरतं. बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, ते वेगळं. हवा जितकी कोरडी, तितकी छागल चांगली चालते. 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाला 22 अंशांपर्यंत उतरायला वाव असतो. म्हणून ही वस्तू खान्देशच्या उन्हाळ्याची. ऑगस्टात तोरणमाळच्या धुक्यात ती नुसतीच ओली पिशवी.

नवी छागल थेट रानात नेऊ नका. कोऱ्या कापडाची वीण सैल असते, धार लागल्यासारखी गळते. आधी साध्या पाण्याने आतबाहेर धुवा. साबण अजिबात नको, वास धरून बसतो. मग तोंडापर्यंत भरून रात्रभर बादलीवर टांगा. सकाळी ते पाणी फेका, पुन्हा भरा. असं दोन-तीन दिवस केलं की सूत फुगतं आणि थेंबांऐवजी बाहेरून नुसता घाम दिसतो. किंतानाचा वासही तोवर बराच जातो. निघायच्या आदल्या रात्री भरूनच ठेवा, नाहीतर पहिला तासभर गाडीत चिखल.

त्रास छागलीचेही आहेत. ती उभी राहत नाही, बॅगेत जात नाही, पाठीला लावली तर सदरा भिजवते. पाच लिटरच्या छागलीतलं दुपारभरात माझ्या अंदाजाने अर्धा-पाऊण लिटर उडून जातं, ते आधीच धरून चाला. मोटरसायकलला लावताना मागच्या चाकाजवळ नको. धूळ ओल्या कापडावर बसून छिद्रं बुजतात आणि पाणी गार होणं थांबतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षारही तेच करतात. पांढरे डाग दिसू लागले की लिंबू पिळलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून मऊ ब्रशने घासा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: उन्हाळ्यात पाण्यासाठी मधमाश्या ओल्या कापडावर येऊन बसतात. छागल बसण्याच्या जागेपासून आठ-दहा पावलं दूर टांगा, आणि हात लावण्याआधी मागची बाजू बघा.

रात्रीच्या मचाणासाठीच जायचं असेल आणि पाणी घरूनच न्यायचं असेल, तर थर्मास घ्या, तेच बरं. दिवसभर चालणं असेल, वाटेत मिळेल तिथे पाणी भरायचं असेल, तर मी छागलच सांगेन. तीही दोघांत एक, पाच लिटरची.

घेताना तोंड उघडून आत बघा. आतून चकचकीत थर दिसला तर ती घेऊ नका. प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली पिशवी गळत नाही, पण पाझरतही नाही, मग गार कशी करणार? तळाची शिवण दुहेरी असावी, बूच दाबून घट्ट बसावं. पावसाळा लागला की तोंड उघडं ठेवून सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच घडी घाला. कोपरा जरी दमट राहिला तरी बुरशी धरते, आणि तो वास पुढच्या उन्हाळ्यात जात नाही.