एबीएसचा दिवा गेला, सोबत ४१,८५० रुपयेही

गॅरेजवाले कसे गंडवतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. न बदललेल्या एअर फिल्टरचे पैसे, पातळ झालेल्या ब्रेक पॅडच्या नावाखाली दुसऱ्याच गाडीचे पॅड दाखवणं, सगळं ऐकून होतो. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एका मल्टिब्रँड गॅरेजवाल्याने माझ्याकडून ४१,८५० रुपये काढले. बदल्यात मिळाली इंचभर काळी टेप. विनोद नाही, खरंच टेप.

गाडी २०११ ची, पेट्रोल हॅचबॅक. तेव्हा एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं नव्हतं, सगळ्या नव्या गाड्यांना ते २०१९ पासून आलं. मी मुद्दाम जास्तीचे पैसे मोजून वरचं मॉडेल घेतलं होतं, घरच्यांची बोलणी खाऊन. मार्चमध्ये मीटरवरचा एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. ब्रेक लागत होते. एबीएस बंद पडलं तरी साधे ब्रेक चालतातच, फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं काम थांबतं. म्हणूनच हा धंदा चालतो. काम झालं की नाही हे गिऱ्हाइकाला कळायला आधी अपघाताची वेळ यावी लागते.

गॅरेजवाल्याने लॅपटॉप लावला, तोंड वाकडं केलं. "साहेब, मॉड्युल गेलं, एबीएसचा मेंदूच. कंपनीत ऐंशी हजाराच्या खाली बोलणार नाहीत. मी दिल्लीहून रिकंडिशन मागवून देतो." पुराव्यादाखल स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मॉड्युल ३२,५००, मजुरी ३,५००, कोडिंग ४,०००, ब्रेक ऑइल आणि ब्लीडिंग, म्हणजे पाइपांतली हवा काढणं, १,८५०. २०,००० आगाऊ यूपीआयने, उरलेले २१,८५० रोख. "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल साहेब, कशाला?" मी हो म्हणालो. आता नाकं मुरडणाऱ्यांनी आपापल्या गॅरेजची शेवटची पाच बिलं काढून दाखवावीत.

आणि मग ती घटका. गाडी घ्यायला गेलो तर म्हणाला, "चावी फिरवून बघा, दिवा गायब." फिरवली. बॅटरी, ऑइल, हँडब्रेक, एअरबॅग, सगळे दिवे लागले आणि इंजिन सुरू झाल्यावर एकेक करून विझले. एबीएसच्या जागी पहिल्यापासून अंधार. चांगल्या गाडीत चावी फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद लागायलाच हवा. स्वतःची तपासणी करून मग तो विझतो. मुळात लागलाच नाही, तर दिवाच मारलेला आहे.

मी भोसरीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. आमच्या प्रत्येक पॅनलवर लॅम्प टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की सगळे दिवे लागले पाहिजेत, एक जरी लागला नाही तरी पॅनल गेटबाहेर जात नाही. नव्या पोरांना हे मी शिकवतो. ओरडून शिकवतो. आणि मी त्या सीटवर बसून, डोळ्यांदेखत नापास झालेली लॅम्प टेस्ट बघून, हसत हसत २१,८५० मोजून दिले! ऑफिसात अजून कोणाला हे सांगितलेलं नाही. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, मुलीचा क्लास सुटायची वेळ झाली होती, आणि महिनाभर छळणारा दिवा दिसेनासा झाला की माणूस सुटकेचा श्वास सोडतो, हातात टेस्टर घेऊन बसत नाही. कुठल्याही इंजिनिअरला त्या जागी बसवा, मग बोलू.

जूनच्या पावसात नवले पुलाच्या उतारावर पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. मीही कचकन दाबला. अशा वेळी एबीएस असलं तर पायाखाली पेडल थरथरतं, खरखर आवाज येतो. काही नाही. चाकं जाम झाली, गाडी सरळ घसरत गेली, स्टिअरिंग वळवूनही वळेना. टेम्पोच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर थांबलो. शेजारी बायको होती. ती घरी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

धायरीतल्या एका वायरमनने स्कॅनर लावला. उजव्या पुढच्या चाकाचा सेन्सर. चाकाच्या हबजवळ हा सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगवरून तो वेग मोजतो आणि मॉड्युलला कळवतो. त्याची वायर शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूने जाते, स्टिअरिंग वळलं की तीही वाकते. जुन्या गाडीत तिथे आवरण फाटतं, पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. माझी वायर त्याने जरा ओढली तर हातात आली. सेन्सर २,४००, मजुरी ५५०. एकूण २,९५०.

मग मॉड्युल दाखवलं. "दादा, हे काढायचं तर ब्रेकचे सहा पाइप सोडावे लागतात. नटांवर पान्याचा एक ओरखडा दाखवा." धूळ आणि चिकटा जसाच्या तसा. ब्रेक ऑइल काळपट, म्हणजे १,८५० सुद्धा हवेत. मीटर उघडलं, तर एबीएसच्या चिन्हामागे नीट कापून लावलेली काळी टेप. कात्रीने कापलेली. एवढं कौशल्य वायर जोडायला वापरलं असतं तर मी आनंदाने पाच हजार दिले असते.

घरी येऊन तो व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा करून पाहिला. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं होतं, राइट फ्रंट व्हील स्पीड सेन्सर. मॉड्युलचं नावही नाही. चोराने स्वतःच्या हाताने पुरावा पाठवला होता आणि मी त्याला अंगठ्याचा इमोजी पाठवून थँक्यू म्हटलं होतं. तेव्हा फोटो नुसता मागू नका, वाचा. घरात बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा स्वस्तातला ब्लूटूथ कोड रीडर असेल तर त्यावर विसंबू नका, बहुतेक वेळा तो फक्त इंजिनाचे कोड दाखवतो.

गॅरेजवाला म्हणाला, "आम्ही बदललं होतं, नंतर कोणी काय केलं आम्हाला काय माहीत." पोलीस चौकीत हवालदारांनी विचारलं, "ब्रेक लागतात ना? मग?" साहेब बंदोबस्ताला, मग साहेब मीटिंगला, मग साहेब भेटले तर म्हणाले हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. अहो, न बसवलेल्या वस्तूचे पैसे घेणं आणि धोक्याचा दिवा झाकणं हे दिवाणी? उद्या चार माणसं मेली असती तर? "मेली नाहीत ना," असं उत्तर मिळालं. अर्जावर शिक्का मारून पोच द्यायलाही तयार नव्हते, कारण शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग कोणाच्या आहे? "ते आम्हाला नाही सांगता येणार." माझं पीयूसी संपलं तर दंड करायला यांचे दहा हात पुढे येतात. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही असं लिहून त्यांनी ती बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती! विमावाल्यांचं पहिलंच वाक्य, यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. निदान ते खरं बोलले.

ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, मात्र जरूर जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पण पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे २०,००० चा यूपीआयचा पुरावा आणि ४१,८५० चं हाताने लिहिलेलं एस्टिमेट, त्यावर सही नाही. रोख दिलेल्या २१,८५० ला साक्षीदार फक्त हॉर्न वाजवणारे. वायरमनकडून लेखी घेतलंय, टेप तशीच पाकिटात ठेवलीय, मीटर उघडतानाचा व्हिडिओ आहे. तुम्हीही कुठलाही झाकलेला भाग उघडायच्या आधी कॅमेरा सुरू करा. मोठा पार्ट बदलला असं कोणी म्हटलं तर जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका, भंगारात गेला म्हणाला तर भंगारातून आण म्हणा. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक सोडलेला असेल, तर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करा. आणि मॉड्युलचं नाव निघायच्या आधी फ्यूज, बॅटरी आणि चारही सेन्सरच्या वायरी तुमच्यासमोर तपासायला लावा.

आयोगाची नोटीस गॅरेजला गेली, "पत्ता अपूर्ण" शेरा मारून परत आली. त्याच पत्त्यावर मी दोनदा गाडी नेली होती. काल सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या सेक्रेटरींनी त्याच माणसाचा नंबर टाकला, "ब्रेकच्या कामाला भरवशाचा" म्हणून. खाली मी टेपचा फोटो टाकला आहे.