वनराज आणि कडकनाथ एकाच शेडमध्ये: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

जड आणि हलकी जात एकत्र ठेवता येते, पण दोघींसाठी खाद्याचं एकच भांडं, रात्री बसायचा एकच दांडा आणि एकच कोंबडा ठेवला तर हलकी जात महिन्याभरात सुकायला लागते. पावसाळा, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू वनराज ही जड आणि कडकनाथ ही हलकी, काळी अशा कोंबडीच्या दोन जाती एकाच शेडमध्ये राहिल्यानंतर काढलेला हा निष्कर्ष आहे. वनराजच्या जागी तशीच जड गिरिराज असली किंवा कडकनाथच्या जागी गावरान असली, तरी मापं थोडी बदलतील, अडचणी याच राहतील.

आधी वजनाचा फरक. कडकनाथची पूर्ण वाढलेली कोंबडी साधारण 1.2 ते 1.5 किलोची आणि कोंबडा 1.8 ते 2 किलोचा असतो. वनराजची अंड्यावर येणारी कोंबडी सहाव्या महिन्यात 2.2 ते 2.5 किलोवर आवरून धरायची असते. मोकळं खाऊ दिलं तर ती त्याच्या पुढे जाते, अंगावर चरबी धरते आणि अंडी कमी देते. म्हणजे एकीला मोजून खायला द्यायचं आणि दुसरीला पोटभर मिळालंय याची खात्री करायची. मिश्र शेडचं खरं कसब इथेच लागतं, मारामारीत फारसं नाही.

वनराज मुळात शांत. ती कडकनाथला फारशी चोच मारत नाही, ती फक्त जागची हटत नाही. चार जड कोंबड्या भांड्याला अंग लावून उभ्या राहिल्या की हलक्यांना शिरायला फटच राहत नाही. भांडण दिसत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. खरं कळतं ते रात्री दांड्यावर हात फिरवल्यावर. गळ्याखालची अन्नपिशवी संध्याकाळी भरलेली, टणक लागायला हवी. ती रिकामी, पिचकी लागली आणि छातीचं मधलं हाड धारेसारखं बोटाला लागलं, तर ती कोंबडी उपाशी राहतेय. आठवड्यातून एकदा हे चाचपणं पुरतं. काळ्या पिसांमुळे कडकनाथचं वाळणं नुसत्या नजरेला उशिरा दिसतं, म्हणून हात लावायचाच.

यावरचा उपाय म्हणजे हलक्यांसाठी वेगळा कप्पा. शेडच्या एका कोपऱ्यात उभ्या बांबूच्या पट्ट्यांचा आडोसा करायचा. दोन पट्ट्यांतलं अंतर तीन इंचांपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरने वाढवायचं आणि सगळ्या कडकनाथ कोंबड्या सहज आत गेल्या की थांबायचं. पिसांमुळे अंदाज चुकतो. फुगलेली दिसणारी कोंबडी अंग चोरून बऱ्याच अरुंद फटीतून जाते, त्यामुळे डोळ्यांनी न ठरवता प्रत्यक्ष जाऊ देऊन बघावं. वाढीच्या वयातली वनराज काही आठवडे याच फटीतून आत घुसते. तेवढे दिवस कप्प्यात खाद्य थोडं थोडं टाकावं. कप्प्याला दोन बाजूंनी वाटा ठेवाव्यात. एकच वाट असली तर त्यांच्यातलीच दांडगी कोंबडी दारात उभी राहून बाकीच्यांना अडवते.

बाहेरच्या भांड्यांत वनराजला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम पुरतं आणि ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावं. कडकनाथला 80 ते 90 ग्रॅम लागतं. मोकळ्या चराईत दोघींचंही कमी होतं, पण जास्त फरक कडकनाथचा पडतो, कारण ती लांबवर फिरून किडे, दाणे, गवत खाते आणि वनराज शेडच्या आसपासच रेंगाळते. भांड्याचा काठ लहान कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवायचा. मोठी वाकून खाते, अडत नाही. ती चोचीने खाद्य उडवते मात्र, म्हणून भांडं एक तृतीयांशच भरावं.

खाद्य कोणतं, याचं उत्तर दोन्ही जातींना एकच आहे. शेडमध्ये कोंबडे आणि अंड्यावर न आलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) असतील, तर सगळ्यांना लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, देऊ नये. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं आणि अंडी न देणाऱ्यांच्या, विशेषतः वाढत्या पिल्लांच्या, मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. ग्रोअर खाद्य, म्हणजे वाढीच्या वयातल्या कोंबड्यांचं, सगळ्यांना द्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता स्वतःहून खाते.

दांड्यांची मांडणी बहुतेक ठिकाणी चुकलेली दिसते. सगळ्याच कोंबड्यांना सर्वांत उंच दांडा हवा असतो. वनराज चार फुटांवर कशीबशी चढते, पण सकाळी तिथून धपकन उडी मारते. रोजच्या आपटण्याने तळपायाला जखम होते, त्यात जंतू शिरतात, गाठ होते आणि तिच्यावर काळी खपली धरते. कोंबडी लंगडायला लागेपर्यंत गाठ आत खोल गेलेली असते, म्हणून महिन्यातून एकदा पाय उलटून बघावेत. जड जातीला दांडा दीड फुटावर, दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेला हवा आणि समोर तीन-चार फूट मोकळी जमीन हवी, कारण जड अंगाची कोंबडी सरळ खाली न येता तिरकी उतरते. हलक्यांना साडेतीन-चार फुटांवर बांबू. वरचा दांडा खालच्याच्या नेमका वर न घेता फूटभर मागे सरकवावा, नाहीतर खालच्यांच्या पाठीवर विष्ठा पडते. जागा जड कोंबडीला 10 ते 12 इंच, हलकीला 8 इंच. दांडा कमी पडला तर हलकी कोंबडी अंड्याच्या खोक्यात झोपते आणि सकाळी अंडी घाण मिळतात. खोकी दांड्याहून उंच असली तरी हेच होतं.

आता कोंबडा. वनराजचा कोंबडा वर्षभरात चार किलोच्या घरात जातो आणि तो सव्वा किलोच्या कोंबडीवर चढतो. आधी मानेमागची आणि पाठीवरची पिसं जातात. मग नखाने किंवा टाचेच्या काट्याने पंखाखाली कुशीत चीर पडते, आणि पंख मिटलेला असल्याने ती दिसत नाही. उन्हाळ्यात त्या जखमेत माशा बसून अळ्या पडतात. जीन्सच्या कापडाचा पाठपट्टा बांधता येतो, काट्याचं टोक कानशीने बोथट करता येतं, पण हे तात्पुरते उपाय आहेत. मिश्र शेडमध्ये जड कोंबडा ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे. कडकनाथचा एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो. वनराज कोंबड्यांवर त्याची पकड नीट बसत नाही, त्यांची बरीच अंडी वांझ निघतात. तसंही वनराजचा संकर पुढच्या पिढीत जसाच्या तसा उतरत नाही, पिल्लं पुन्हा हॅचरीतूनच आणावी लागतात. त्यामुळे नुकसान काही नाही.

मोठ्या कोंबड्यामुळे अंडं मोठं होऊन लहान कोंबडीत अडकेल, ही भीती अनेकांना वाटते. अंड्याचा आकार कोंबडीवर ठरतो, कोंबड्यावर नाही.

पिल्लं एकत्र वाढवायची असतील तर पहिले दोन आठवडेच. तिसऱ्या आठवड्यापासून वनराजची पिल्लं झपाट्याने पुढे जातात आणि लाइट गेली की कोपऱ्यात एकावर एक चढतात. त्यात खाली चेंगरतात ती कडकनाथची. ब्रूडरचे, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेचे, कोपरे पुठ्ठ्याने गोल करावेत आणि हलक्या पिल्लांना बल्बची ऊब काही दिवस जास्त द्यावी. पुन्हा एकत्र करायचं ते चौदा-सोळा आठवड्यांनंतर. आधी दहा दिवस मध्ये जाळी, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही अशी. मग अंधार पडल्यावर सगळ्या एकदम सोडायच्या, एकटी-दुकटी कधीच नाही. भिंतीला फळ्या तिरक्या टेकवून ठेवल्या की पळणारीला आडोसा मिळतो. त्यांची दोन्ही टोकं उघडी हवीत. असील ही झुंजीची जात मात्र या मांडणीत आणूच नये. तिचं वजन आडवं येत नाही, स्वभाव येतो. कोंबड्यासुद्धा रक्त निघेपर्यंत लढतात.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात आधी धापा टाकते ती वनराज. सावली आणि पाण्याचं भांडं ती अडवून बसते, म्हणून पाणी किमान दोन ठिकाणी ठेवावं आणि दुपारी खाद्य उचलून घ्यावं. पावसाळ्यात जड जातीची विष्ठा जास्त असल्याने जमिनीवर अंथरलेलं तूस लवकर ओलं होतं. ते आठवड्यातून दोनदा उलथावं, गोळे झालेलं काढून टाकावं.

लसीचा डोस वजनावर बदलत नाही. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लांना राणीखेत रोगाची आरटूबी नावाची लस दोन्ही जातींना सारखीच, अर्धा मिली, पंखाखालच्या कातडीत. जंताचं औषध मात्र वजनावर असतं. पाण्यातून दिलं तर जड कोंबड्या जास्त पितात आणि हलकीला किती गेलं ते कळत नाही. ताणकाट्यावर वजन करून सिरिंजने एकेकीला चोचीत देणंच खात्रीचं.

वनराज खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, फारशी बसत नाही, कडकनाथही अंड्यांवर बसायला भरवशाची नाही. दोन गावरान कोंबड्या शेडमध्ये असल्या तर उबवणीचा प्रश्न सुटतो. गावरान कोंबडीखाली कडकनाथची दहा-बारा अंडी मावतात. शेडमध्ये आधी दुसऱ्या जातीचा कोंबडा असेल तर तो काढल्यावर तीन आठवडे थांबून मगच अंडी बसवावीत. कोंबडीच्या शरीरात त्याचं बीज दोन आठवड्यांहून जास्त टिकू शकतं, आणि घाई केली तर कडकनाथ म्हणून बसवलेल्या अंड्यांतून संकरित पिल्लं निघतात.