शाळेसाठी कंपनीचे टॅब घ्यावेत की गावाने वर्गणी काढावी?

सांगली जिल्ह्याच्या जत, आटपाडी, खानापूर भागातल्या जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समित्यांपुढे हा पेच वरचेवर येतो. कंपनी म्हणते, वीस टॅब देतो. गाव म्हणतं, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परमुलखात गेलेल्या आपल्या माणसांना फोन करू, यात्रेची शिल्लक घालू आणि एक मोठा टीव्ही घेऊ.

आधी मनातला संकोच काढून टाका. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावतं. शिक्षण त्यात बसतं, आणि कारखान्याच्या आसपासच्या गावांना प्राधान्य द्या असंही कायदाच सांगतो. तेव्हा देतील ते मुकाट्याने घेऊ नका, काय हवं ते सांगा.

कंपनीचा मोठा फायदा म्हणजे एकरकमी पैसा. सोलर, नवीन वायरिंग, वर्गातलं मोठं डिजिटल पॅनेल हे वर्गणीच्या आवाक्याबाहेरचं असतं. पण टॅबचं दुखणं वेगळं. दोन वर्षांत बॅटरी फुगते, चार्जिंगची पिन ढिली होते, आणि दुरुस्तीला पैसा कुणी ठेवलेला नसतो. त्यात टॅब जडवस्तू नोंदवहीत चढला की तो मुख्याध्यापकांच्या अंगावर. फुटला तर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी होईपर्यंत तोच कागद दर तपासणीला पुढे येतो. मग टॅब कपाटात जातात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मुलांच्या हाती काहीच लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्गणीची रक्कम लहान, पण ती लाइट बिलाला, नेटच्या रिचार्जला, तारेच्या दुरुस्तीला वापरता येते. शाळेच्या अनुदानावर हे भागत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात 30 पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आणि 100 पर्यंत 25,000. खडू, स्वच्छता, किरकोळ डागडुजी सगळं त्यातच. वर्गणीची खोट एकच, पण मोठी: दुष्काळी वर्षात तीच चार घरं पुन्हा पुन्हा पिळली जातात.

माझं मत स्पष्ट आहे. दोनशिक्षकी, तीसच्या आतल्या पटाची शाळा असेल तर टॅब नाकारा. गावाच्या पैशातून एक टीव्ही घ्या आणि कंपनीकडे सोलर मागा. पट मोठा असेल आणि एखादे गुरुजी किंवा बाई मनापासून वापरणार असतील तर टॅब जरूर घ्या, मात्र तीन वर्षांची दुरुस्ती आणि नेटशिवाय चालणारा मराठी अभ्यास या दोन गोष्टी पत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका. शब्द देणारे साहेब वर्षभरात बदलतात.

मागणीपत्र समितीच्या ठरावासह जून-जुलैतच द्या. कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं, आणि फेब्रुवारीत येणाऱ्या माणसाला फक्त खर्च संपवायचा असतो.