फाईल, फोनमधले फोटो की आभा? आईबाबांचे रिपोर्ट ठेवायचे कुठे

मागच्या मे महिन्यात बाबांच्या छातीत दुखून राहिलं म्हणून नागपूरच्या रामदासपेठेत नेलं, तर डॉक्टरांनी आधी विचारलं, जुना ईसीजी आहे का? होता ना, तीन वर्षांआधीचा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला. काढला तर कागद जवळपास कोरा, कुठे कुठे फिक्कट रेघ. ईसीजी थर्मल पेपरवर निघतो आणि गरमी, प्लास्टिक दोन्ही त्याला सोसत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात तो पुसून गेला. नव्या ईसीजीत बदल दिसत होता पण तो कालचा की जुनाच हे कळायला मार्ग नाही, मग रात्रभर भरती ठेवून परत परत ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या. तेव्हापासून ओळखीचे लोक मलाच विचारतात की रिपोर्ट ठेवायचे कसे, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

कागदाला मी नावं ठेवणार नाही. नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात, मेडिकल म्हणा की मेयो, बालाघाट किंवा गडचिरोलीहून आलेला माणूस पिशवीतूनच कागद काढतो आणि त्याचं काम होते, ओटीपी नको, नेटवर्क नको, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशिवाय कोणी बघू शकत नाही. भरती असतानाचे पेपर नसतील तर लेखी मागा, डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागते आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड 3 वर्षं सांभाळावं लागते. त्यानंतर मात्र भरवसा तुमच्याच पिशवीचा. आणि ईसीजी हातात पडला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, झेरॉक्स अशी पुसत नाही.

फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणं सगळ्यात सोपं, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीचा सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) रिपोर्ट लग्नाची बोलणी चालू असताना कोणीतरी काळजीपोटीच फॅमिली ग्रुपवर टाकला. रिपोर्ट एएस होता, म्हणजे ती फक्त वाहक, आजारी नाही. दोघंही वाहक असले तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, मुलाचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. विदर्भात इतकी वर्षं तपासणी चालू आहे, 2023 पासून तर देशभराची मोहीम आहे, तरी गोष्ट त्या ग्रुपातून बाहेर पडेपर्यंत "मुलीला सिकलसेल आहे" एवढंच उरलं आणि बोलणी थांबली. दोघांचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं होतं, बस्स. ग्रुपवर गेलेला कागद परत घेता येत नाही, हे तिच्या आईला आता रोज आठवते.

हॉस्पिटलचं किंवा लॅबचं स्वतःचं ॲप चांगलं असते, पण धंतोलीतल्या लॅबचं त्यांच्यापुरतं, दुसरीकडे गेलात की परत तेच सांगत बसा.

आता आभा. पहिली गोष्ट, आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळं, कार्डावर उपचाराचा खर्च मिळतो, आभा हा सरकारी योजनेतला 14 आकडी नंबर आहे, तुमचे ठिकठिकाणचे रिपोर्ट एकत्र दिसावे म्हणून. देशभरात सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालं, ऐच्छिक आहे, नको असेल तर बंद किंवा डिलीटही करता येते. रिपोर्ट दिल्लीतल्या एका सर्व्हरवर जाऊन पडत नाहीत, ज्या हॉस्पिटलमध्ये तयार झाले तिथेच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरला पाहायचे असतील तर तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते: कुठले रिपोर्ट, कुठल्या तारखांचे, किती दिवसांसाठी. कमी करता येते, नंतर काढूनही घेता येते. कागदाची झेरॉक्स एकदा कोणाला दिली की हे जमत नाही.

पण दोन गोष्टी बघून ठेवा. गल्लीतले बरेच दवाखाने अजून यात काही चढवतच नाहीत, तिथलं काहीच दिसणार नाही. आणि रिपोर्ट हॉस्पिटलकडेच राहत असल्यामुळे त्यांचा सर्व्हर जितका मजबूत तितकेच ते सुरक्षित. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस तिथे हातानेच काम चाललं. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा आहे, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे. म्हणून काउंटरवर कोणी घाईत "आधारचा ओटीपी सांगा" म्हटलं तर आधी विचारा, कशासाठी? एका ठिकाणी आईला न सांगताच आभा काढून दिलं आणि मोबाईल नंबर टाकला माझ्या भावाचा, म्हणजे तिच्या रिपोर्टची परवानगी देणार तो. हे मला अजिबात पटलं नाही, आम्ही तो नंबर बदलून घेतला.

तर माझं मत असं. बीपी, शुगर, हार्ट, दोन तीन डॉक्टर चालू, वय साठच्या पुढे, असं असेल तर आभा काढाच, मोबाईल नंबर पेशंटचा स्वतःचा, आणि पातळ फाईल सोबत. जुने कागद स्कॅन करून डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये टाकले तरी चालते, 1 जीबी जागा मिळते. पण सिकलसेल, एचआयव्ही, मानसोपचार असलं काही असेल आणि घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर सध्या कागदच बरा, कुलपात. एचआयव्हीबद्दल तर 2017 चा कायदाच आहे, काही अपवाद सोडले तर पेशंटच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही, नवऱ्याच्या फोनवर नोटिफिकेशन आलं तर तो कायदा तिथे काय करणार?

आईकडे परवा पहिल्यांदा परवानगीची विनंती आली. पोळ्या करत होती, हात पुसून चष्मा लावला, पूर्ण वाचली आणि मला म्हणे, "हे वर्षभराची कायले मागून राहिले? मले तं एकदाच दाखवायचं हाये." मग तिनेच तारीख बदलून आठ दिवसांची केली.