वाचनालयाची जुनी साइट मोबाइलवर आणली: वर्डप्रेसची ब्लॉक थीम, काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. वाचनालय, शाळा, पतसंस्था, गणेश मंडळ, अशा कुणाची छोटी मराठी साइट मोबाइलसाठी नव्यानं करायची असेल, तर स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेवर) वर्डप्रेस हे साइट बांधायचं सॉफ्टवेअर टाका, त्याच्याबरोबर येणारी ब्लॉक थीम (तुकड्या-तुकड्यांनी पान रचू देणारा तयार साचा) घ्या आणि प्लगिनांना, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयींना, शक्यतो दारातच थांबवा. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची साइट पावसाळ्याच्या तोंडावर बदलली. मधे दिवाळी अंक योजनेची धांदल तिच्यावरूनच पार पडली, आता मार्चअखेरची वर्गणी सुरू आहे. एवढं पाणी पुलाखालून गेल्यावर लिहितोय.

जुनी साइट फ्रंटपेज या पानं बांधायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यातली. सगळी मांडणी टेबलांत टेबल घालून, ८०० पिक्सेल रुंदीच्या पडद्यासाठी. वरचं फिरतं बोधचिन्ह फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्रातलं होतं. २०२० अखेरीस फ्लॅश बंद झालं तेव्हापासून तिथे नुसती रिकामी चौकट. सूचना उजवीकडून डावीकडे पळायच्या. पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान मांडायला सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ कोडात नसल्यामुळे फोन ते पान ९८० पिक्सेल रुंद धरायचा आणि चिमटून दाखवायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टातला, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्याआधीचा! त्या फॉन्टात 'क'ची जागा कुठल्यातरी रोमन अक्षराला दिलेली असते; फॉन्ट नसेल तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरांचं कडबोळं दिसतं. फोनवर तो फॉन्ट असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे 'सीएसएस थोडं बदला, होईल मोबाइलवर' हा सल्ला (सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड) ऐकला असता, तर तेच कडबोळं मोठ्या टाइपात दिसलं असतं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी मजकूर युनिकोडात आणा. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात आणि बहुतेक काम चोख करतात. अडतात ती ऱ्हस्व वेलांटीवर. जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडात नंतर. साध्या शब्दांत साधन तिला बरोबर उचलून पुढे ठेवतं, पण रफार सोबत आला की गोंधळ. आणि आमच्या साइटवर 'वार्षिक' हा शब्द पानोपानी! वार्षिक सभा, वार्षिक वर्गणी, वार्षिक अहवाल. मुद्रितशोधन माणसानंच करावं लागतं, आणि सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला. संचालक मंडळाला वेळापत्रक देताना हे गृहीत धरा.

मग निवड. ओढा-ठेवा पद्धतीच्या तयार सेवांपैकी विक्स पाहिलं. देखणं आहे, शिकायला सोपं आहे, एकट्या व्यावसायिकाला मी ते सुचवीनही. पण विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही; हे त्यांच्याच मदत-पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे. संस्थेत दर काही वर्षांनी कार्यकारिणी बदलते, नवीन चिटणीस नवा माणूस आणतो. तिथे असली अट परवडत नाही. गूगल साइट्स फुकट आणि फोनवर आपोआप जुळवून घेणारं, पण मराठी टाइपावर हवा तितका ताबा मिळत नाही. शिवाय गूगलनं व्यवसायांच्या प्रोफाइलला जोडून दिलेल्या फुकट साइट्स मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हापासून फुकटावर विसंबायचं धाडस होत नाही. बूटस्ट्रॅप, म्हणजे हातानं कोड लिहून साइट करणाऱ्यांसाठीचा तयार साचेसंच, मला स्वतःला आवडतं. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याची मांडणी आधी फोनची आणि मग मोठ्या पडद्याची असा विचार करते, पानंही हलकी होतात. फक्त 'उद्या वाचनालय बंद' एवढी एक ओळ टाकायला दर वेळी मला फोन आला असता. म्हणून बाद.

वर्डप्रेस जिंकलं ते याच ओळीवर. आमच्या ग्रंथपाल मॅडम ती ओळ फोनवरूनच टाकतात. नवीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढतात आणि जसेच्या तसे चढवतात, पाच-पाच एमबीचे. ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस मोठा फोटो २५६० पिक्सेलवर आणतं, त्याच्या लहान प्रती करतं आणि पडद्याच्या मापाची प्रत ब्राउझरला उचलू देतं. त्यांना यातलं काही माहीत असण्याची गरज पडत नाही. शेजारी-शेजारी मांडलेले स्तंभ फोनवर एकाखाली एक येतात. वर्गणीदरांचा तक्ता पान न फाडता स्वतःपुरता आडवा सरकतो. विशेष काही न करता एवढं मिळालं.

मराठीसाठी मात्र हात लावावा लागतो. आधी आम्ही बाहेरची एक फुकट थीम चढवली होती. शीर्षकांच्या अक्षरांत तिनं मोकळी जागा सोडलेली. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. 'वाचनालय'च्या डोक्यावर तुकड्या-तुकड्यांची रेघ. नमुना इंग्रजीत बघून थीम पसंत करू नका, आपलं शीर्षक घालून बघा. वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीममध्ये शैलीच्या पडद्यावर जाऊन अक्षरांतली जागा शून्य केली आणि ओळींमधली उंची १.७ ठेवली, त्याहून कमी केली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. साइटची भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. मग पानाच्या कोडात तशी नोंद जाते आणि फॉन्टात सोय असेल तर 'ल', 'श' मराठी वळणाचे येतात. फॉन्टसाठी ६.५ आवृत्तीपासून आत संग्रह आहे. तिथून 'मुक्त' घेतला, दोनच वजनांत (अक्षरांच्या जाडीत). एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा हा फॉन्ट लहान पडद्यावर फार स्वच्छ वाचता येतो.

पत्त्यांचं प्रकरण कुणी सांगत नाही. शीर्षक मराठीत लिहिलं की पानाचा पत्ताही देवनागरीत तयार होतो. पण आत प्रत्येक चिन्ह टक्क्याची खूण आणि आकडे-अक्षरं अशा संकेतात साठवलं जातं, त्याचे नऊ वर्ण होतात आणि मर्यादा आहे २००ची. बाविसेक चिन्हांत शीर्षकाचा पत्ता संपतो, आणि मात्रा-अनुस्वार त्यातच मोजायचे. व्हॉट्सॲपवर तो दुवा पाठवला की टक्क्यांची लांबलचक माळ येते आणि लोकांना वाटतं, काहीतरी व्हायरस आहे. पत्ता रोमन लिपीत छोटा लिहायचा, एवढाच उपाय.

मेनूचंही तसंच. तीन रेघांचं बटण ६०० पिक्सेलखालच्या पडद्यावरच येतं. 'सभासदत्व', 'ग्रंथसंपदा', 'उपक्रम' अशी आपली नावं लांब, त्यामुळे टॅब्लेटवर मेनू दोन ओळींत मोडतो. ते बटण 'नेहमी' करून टाकलं. संगणकावर थोडं ओकंबोकं दिसतं, दिसू दे.

वर्गणीच्या पानावर मी यूपीआयचा क्यूआर कोड ऐटीत लावला होता. लगेच एका ज्येष्ठ सभासदांचा फोन. "अहो, कोड माझ्याच फोनवर दिसतोय, तो स्कॅन करू कशानं?" बरोबर होतं त्यांचं. आता कोडाखाली यूपीआयचा पत्ता अक्षरांत आहे, शिवाय चित्र जतन करून ॲपमध्ये गॅलरीतून कसं उघडायचं तेही दोन ओळींत लिहिलंय.

तक्रारी? अद्ययावत करत राहण्याची कटकट आहे, ती कुणीतरी अंगावर घ्यावीच लागते. आमच्या आधीच्या होस्टिंगवाल्याकडे पीएचपी (वर्डप्रेस जिच्यावर चालतं ती संगणकभाषा) इतकं जुनं होतं की नवी आवृत्ती चढेना. 'बघतो, करतो' ऐकून कंटाळलो आणि साइटचं घर बदललं. घेण्याआधीच पीएचपीची आवृत्ती विचारा. एका सदस्याच्या आग्रहाखातर फिरत्या चित्रांचं एक प्लगिन घातलं होतं, ते काढल्यावर पहिलं पान साध्या अँड्रॉइड फोनवर डोळ्यांना जाणवेल इतकं लवकर उघडू लागलं. वेग मापायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स आहे. गूगलची वेगळी मोबाइल चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, जुने लेख अजून तिच्याकडे बोट दाखवतात. पण आकड्यांपेक्षा स्वस्तातला एक फोन हातात घेऊन एसटी स्टँडवर उभं राहून साइट उघडा.

पूर्ण ग्रंथसूची मात्र वर्डप्रेसमध्ये घातलेली नाही आणि घालू नये. हजारो नोंदी, एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं; त्याचा शोध हे या सॉफ्टवेअरचं काम नव्हे. त्यासाठी कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर मांडायचं चाललंय, त्याचं शोधपान फोनवर नीट बसतं. तोवर साइटवर 'पुस्तक आहे का, विचारा' असं एक बटण आहे. ते थेट काउंटरच्या नंबरावर लागतं, आणि सध्या तरी साइटवर तेच सगळ्यात जास्त दाबलं जातं, असं मॅडम म्हणतात.